डावा कोपरा

पहाटे ४.४०

मोबाइलचा गजर एकदाच वाजतो. दुसऱ्यांदा वाजला तर आई उठते, म्हणून तो पहिल्याच आवाजाला हात मारतो. जानेवारी चालू आहे. पत्र्याच्या खोलीत तोंडातून वाफ निघतेय. निफाडच्या थंडीची बातमी होते, वणीच्या थंडीची होत नाही. अंगाला मात्र तेवढीच लागते.

पोराचं वय १९. उंची पाच फूट नऊ इंच. धंदा कबड्डी, जागा डावा कोपरा. गावात त्याला नावानं कमी आणि ‘कॉर्नर’ म्हणूनच जास्त हाक मारतात. मीही तेच वापरतो.

उठल्याउठल्या तो गुडघे तपासतो. उजवा दुमडायचा, सरळ करायचा. टक्‌कन आवाज येतो. “आवाज आला तरी चालतंय. दुखलं नाही म्हणजे झालं.” मग बोटं. डाव्या हाताचं मधलं बोट वरच्या पेरात वाकडं आहे. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी टाचेखाली सापडलं. हाडवैद्यानं ओढून बसवलं, पण पुरतं बसलं नाही. ते बोट शेजारच्या बोटाला पांढऱ्या चिकटपट्टीनं बांधायचं. पट्टी दातानं तोडायची, कात्री शोधायला दिवा लावावा लागतो. एक रोल ७० रुपयांचा, आणि तो आठ दिवस पुरवायचा.

५.०५

नांदुरीच्या रस्त्यानं पळायचं. चार किलोमीटर जायचं, चार यायचं. मी मोटारसायकलवर मागे, हातमोजे घालून, आणि तरी कुडकुडतोय. समोर अंधारात सप्तशृंगी गडावरचे दिवे उंच टांगल्यासारखे दिसतात. गडासमोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि ते ऐकायला सप्तशृंगीनं मान किंचित कलती केलीय, असं इकडे सांगतात.

चैत्रात आणि कोजागिरीला हा रस्ता देवीला चालत जाणाऱ्यांनी फुलून जातो. लहानपणी तो मामाबरोबर पाणपोईवर बसायचा. “खानदेशातनं चालत आलेला माणूस पायावरनं कळतो,” तो पळता पळता सांगतो. “टाच टेकवत नाही. फोड आलेले असतात ना. चवड्यावर चालतो.” आठ-नऊ वर्षांचं पोर, हातात पाण्याचा जग, आणि बघतंय काय तर येणाऱ्यांचे पाय. तेव्हा तो कबड्डी खेळत नव्हता.

क्रेटनं भरलेली एक पिकअप भोंगा वाजवत जाते. तो रस्त्याच्या कडेला उतरतो, पळणं थांबवत नाही.

६.००

मैदान मातीचं. आदल्या संध्याकाळी पाणी मारलेलं, त्यामुळे आता वरची माती थंडगार आणि जराशी चिकट. सगळ्यात आधी दोघंजण खडे वेचतात. एक खडा राहिला तर कुणाचा तरी गुडघा सोलतो. मग फक्की. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, मध्ये मध्यरेषा, आत निदान रेषा, तिच्या आत बोनस. दोरी धरून रेषा मारतात तरी बोनस रेषा रोज थोडी वाकडी येते, आणि रोज त्यावरून भांडण होतं.

शिकवणारे सर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. आता निवृत्त आहेत. मफलर, शिट्टी, आणि थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा. सामान ठेवायच्या खोलीत बुवा साळवींचा फोटो लावलाय. बुवांचा वाढदिवस १५ जुलै, महाराष्ट्रात तो कबड्डी दिन. त्या दिवशी सर पोरांना पेढे देतात आणि एरवीपेक्षा दहा बैठका जास्त काढायला लावतात.

आता पकड. हे जवळून बघण्यासारखं आहे.

चढाईवाला तीस सेकंद कबड्डी कबड्डी म्हणत समोर नाचतो, हात फेकतो, मान हलवतो. कॉर्नर गुडघ्यात वाकून उभा. एक हात शेजारच्या गड्याच्या हातात, साखळी धरलेली. नजर खाली. “डोळ्यात बघितलं की तो फसवतो,” कॉर्नर म्हणतो. “पाय फसवत नाय.” थोडं थांबून: “फसवतात. पण कमी.”

पुढचा पाय बोनसकडे टाकायच्या आधी चढाईवाल्याचा सगळा भार मागच्या पायाच्या चवड्यावर जातो आणि मागची टाच जमिनीपासून बोटभर सुटते. त्याच क्षणी निघायचं. आधी निघालास तर तो पाय ओढून घेतो आणि तुझ्या पाठीवर हात ठेवून घरी जातो. उशिरा निघालास तर बोनसचा गुण गेला. वेळेवर निघालास तर एक हात टाचेच्या मागून शिरेवर, दुसरा पायाच्या वरच्या बाजूनं, आणि घोटा आपल्या पोटाशी ओढायचा. डोकं बाहेर. डोकं आत राहिलं तर त्याचा गुडघा तुझ्या तोंडावर. तोवर शेजारचा कव्हर येऊन त्याला अडवतो. सगळं मिळून एक सेकंदही लागत नाही.

सर हे ४० वेळा करून घेतात. त्यातल्या ३० वेळा पकड नाहीच, नुसतं थांबायचं. चढाईवाला येतो, खोटा पाय टाकतो, जातो. कॉर्नरनं जागचं हलायचं नाही. “घाई केलेला कॉर्नर म्हणजे समोरच्याला फुकटचा पॉइंट,” सर म्हणतात. थांबण्याचा सराव मी पहिल्यांदाच बघत होतो. बघायला कंटाळवाणा आहे. करणाऱ्याच्या मांड्या मात्र थरथरत होत्या.

७.४५

खुराक. उकडलेली अंडी सहा, नगाला सात रुपये. मूठभर भिजवलेले हरभरे. दोन केळी. गूळ-शेंगदाणे. आणि दूध. घरी एक गाय आहे. डेअरीत दूध आईच घालते. पोरगा रोज पाऊण लिटर पितो, तेवढं डेअरीच्या वहीत कमी लागतं. आई त्याबद्दल बोलत नाही. पण वही तिनं शेल्फवर पुढंच ठेवलीय.

“खाऊ दे, पण काट्याचं बघ म्हणावं,” ती मला सांगते, पोराला नाही.

काट्याचं काय ते नंतर.

८.३०

द्राक्षाचा बाग. थॉमसन. दव सुकल्याशिवाय घडाला हात लावायचा नाही, त्यामुळे टोळी बांधावर बसलेली. बारा बायका, तीन गडी. बायका सुरगाणा, पेठकडच्या. हंगामापुरत्या आल्यात आणि बागेच्या कडेलाच ताडपत्रीच्या खोपीत राहतात. यंदा पावसानं घड कमी धरलेत, त्यामुळे टोळ्या जास्त आणि काम थोडं.

साडेनऊला सुरुवात होते. बाई देठाला धरून घड कापते. मण्याला बोट लागू द्यायचं नाही, वरचा पांढरा थर पुसला की माल मागे पडतो. सडका, फुटका मणी कात्रीच्या टोकानं काढायचा. घड क्रेटमध्ये अलगद निजवायचा. भरलेलं क्रेट १५-१६ किलोचं. ते ओळीतून उचलून ट्रॅक्टरपर्यंत न्यायचं काम कॉर्नरचं.

मांडव साडेपाच फुटांवर. हा पाच-नऊ. म्हणजे दिवसभर गुडघ्यात वाकूनच चालायचं, हातात ओझं. सरांच्या हिशेबी ही फुकटची बैठक. कॉर्नरच्या हिशेबी ४५० रुपये. कापणाऱ्या बायकांना ३५०. का, असं मी एकीला विचारलं. ती हसली आणि कात्री चालवत राहिली.

मांडवाखाली माणसाचं तोंड पानात असतं, दिसतात ते पाय. कॉर्नरला सगळी टोळी पायांवरून ओळखू येते. जोडवी आणि निळी स्लीपर, ही मुकादमीण. एका पायात काळा दोरा, ही सगळ्यात भरभर कापणारी. मागून कुणीतरी आलं. त्यानं मान न वळवता म्हटलं, “मालक आले.” चपला स्वच्छ होत्या.

११.४०

शेडमध्ये वजनकाटा आहे, क्रेट मोजायचा. कुणी नसताना तो चपला काढून त्यावर चढतो. ६९ किलो ४००. उतरतो, पुन्हा चढतो. ६९ किलो ४००.

तर काट्याचं हे असं. तो अजून कुमार गटात बसतो: वय वीसच्या आत, वजन ७० च्या आत. पुढच्या महिन्यात निवड चाचणी. तिथं काट्यावर ७० च्या वर गेला तर घरी. तिथून पुढे गेला तर राज्य, मग कुणीतरी बघणार. मार्चमध्ये त्याला वीस पूर्ण होतात. मग थेट पुरुष गट, आणि तिथं समोरून ८०-८२ किलोचे येतात. म्हणजे आज वाढायचं नाही, आणि दोन महिन्यांनी दहा किलो वाढलेलं असायला पाहिजे. दिवसात सहा अंडी खाणाऱ्या पोराला हे गणित कुणी समजावून सांगायची गरज नाही. तो ते रोज काट्यावर उभं राहून सोडवतो.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याला लागणारं प्रमाणपत्र जिल्ह्यात खेळून मिळत नाही. हे त्याला त्याच्या आधार नंबरासारखं पाठ आहे.

दुपारी १.१५

बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण, ठेचा. बांधावर सावली. मोबाइल बाहेर येतो. सरांनी सकाळीच काहीतरी पाठवलंय.

प्रो कबड्डी नाही. रग्बी आहे. फ्रान्सचा आंत्वान द्युपाँ.

सर असे आहेत. पकडीसाठी त्यांना कुठलाही खेळ चालतो. रग्बीत अंगावर येणाऱ्या गड्याला हात लपेटून पाडावं लागतं, नुसता धक्का दिला तर नियमभंग. आणि डोकं ज्या बाजूला असायला हवं त्याच बाजूला, नाहीतर मान जाते. “आपलंच आहे हे,” सरांनी लिहिलंय, “फक्त ह्यांच्या हातात बॉल आहे.”

कॉर्नर क्लिप तीनदा बघतो. शेजारी बसलेली एक बाई डोकावते. “चेंडू का असा? अंड्यावाणी?” कुणाला उत्तर येत नाही.

द्युपाँ मोठा खेळाडू आहे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रग्बी सेव्हन्सचं सुवर्ण घेतलेला. पण मला त्याची सुरुवात सांगावीशी वाटली, म्हणून सांगितली. पिरेनीज डोंगरांच्या बाजूचं कास्तेलनो-मान्योक नावाचं लहानसं गाव. घरच्यांचं हॉटेल. आधी गावच्याच क्लबात, मग ओशला, २०१४ मध्ये कास्त्रला, २०१७ पासून तुलूझला. तिकडे क्लबच पोरांना सांभाळतो. क्लबचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र असतं, पोराशी करार होतो, आणि त्या करारात शिक्षण चालू ठेवायची अटसुद्धा असते.

कॉर्नरनं सगळं ऐकलं. मग एकच विचारलं. “खुराक क्लबचा?”

मी म्हटलं, बहुतेक.

“मग वजनाचं टेन्शन नाही त्याला,” तो म्हणाला आणि उरलेली अर्धी भाकरी फडक्यात बांधून ठेवली.

रग्बी आपल्याकडेही आलीय. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची. कॉर्नरला ते माहीत होतं. नाशिकला मॅटवरच्या सरावात भेटलेल्या एका पोरानं त्याला विचारलंही होतं, येतोस का रग्बीला, तुझी पकड चांगली आहे. हा नाही म्हणाला. “ते पळायचं लांब असतं. आपलं काम उभं राहायचं.”

२.००

क्रेट. क्रेट. मध्ये एकदा पाणी. क्रेट.

४.५०

मुकादमीण पैसे मोजून देते. ४५० ला शंभराच्या चार आणि पन्नासाची एक. तो नोटा दोन खिशांत वाटून ठेवतो. डाव्या खिशात घरचे ३००, उजव्यात स्वतःचे १५०. गावात येऊन मेडिकलमधून चिकटपट्टीचा रोल, ७० रुपये. स्प्रे बघतो, किंमत विचारतो, परत ठेवतो. केळी अर्धा डझन, २५.

मॅटवरचे बूट मागच्या वर्षी घेतले, २८०० ला. मातीवर ते घालत नाही, तळ झिजतो. दर शनिवारी पिशवीत घालून एसटीनं नाशिकला जातो. एका बाजूचं तिकीट सत्तर-ऐंशी रुपये. दोन तास मॅटवर खेळतो, बूट पुसतो, परत पिशवीत. मॅटवर पाय सरकत नाही, चढाईवाला वळतो झटकन. मातीवर त्याच्या वळण्याची धूळ तरी दिसते. प्रो कबड्डी लीगमध्ये खेळायचं तर मॅट सवयीची पाहिजे.

ती लीग सुरू झाली २६ जुलै २०१४ ला. तेव्हा हा आठ वर्षांचा, शेजाऱ्याच्या टीव्हीपुढं. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं पहिल्यांदा ती जिंकली, हैदराबादला, हरियाणाला २८-२५ नं हरवून. कर्णधार अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. संघात नाशिकजवळच्या आडगावचा आकाश शिंदे. दोघंही त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमध्ये आशियाई सुवर्ण घेऊन आलेले. आडगाव वणीपासून लांब नाही, आणि या पोरांना सगळ्यात जास्त हेच महत्त्वाचं वाटतं. लिलावात सगळ्यात खालच्या गटाची पायाभूत किंमत नऊ लाख असते. कॉर्नरच्या मित्रांना हा आकडा पाठ आहे. तो स्वतः तो उच्चारत नाही.

संध्याकाळी ६.३०

पिकअप. मागे नऊ जण, चादरी अंगावर. २५ किलोमीटरवरच्या एका गावात रात्रीचे सामने. पहिलं बक्षीस ३१ हजार आणि माणसाच्या कमरेएवढी ढाल.

कॉर्नर आज आपल्या मंडळाकडून खेळत नाहीये. दुसऱ्या एका मंडळानं फोन करून बोलावलंय. स्पर्धेत प्रत्येक संघाला बाहेरचे दोन खेळाडू चालतात, आणि हे ‘बाहेरचे दोन’ असणं हाच त्याचा व्यवसाय. ठरलेत ८०० रुपये, जेवण, जायची-यायची गाडी. अंतिम सामना जिंकला तर वर ५००. हंगामात असे पंधरा-वीस फोन येतात. पहिला फोन आला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पैसे मिळतात हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ३०० दिले तेव्हा त्यानं विचारलं होतं, कशाचे?

जर्सी तिथंच मिळते. पाठीवर एका खताच्या दुकानाचं नाव. मागच्या माणसाच्या घामाचा वास धुवूनही राहिलाय.

८.५०

मैदानाभोवती बांबू, बांबूंवर दिवे, दिव्यांभोवती किडे. मंचावर पुढारी यायचेत म्हणून पहिला सामना पाऊण तास उशिरा. खेळाडू चादरी घेऊन शेकोटीशी. अंग गार पडू नये म्हणून कॉर्नर उठबशा काढतो. मंचावर एकेकाचा सत्कार होतो, नारळ, शाल, टोपी. तो तेवढ्यात ६० काढतो.

पहिला सामना सहज. त्याच्या तीन पकडी. दुसऱ्या पकडीत डोकं आत राहिलं आणि ओठ फुटला. पंचानं थुंकायला लावलं, रक्त बघितलं, कापूस दाबून पुन्हा उभा. निवेदक ओरडतोय: “वणीचा कॉर्नर! काय घोटा धरलाय!” त्याचं नाव निवेदकालाही माहीत नाही.

१०.४०

उपांत्य सामना. शेवटची चढाई. २७-२६, आपण पुढे. त्यांच्या मागच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात, म्हणजे ही तिसरी. गुण घेतला नाही तर चढाईवालाच बाद. आपले मैदानात चौघं. काही करायचं नाही. तीस सेकंद नुसतं मागे राहायचं.

चढाईवाला कळवणकडचा, सडपातळ. तोही बाहेरून आणलेला. दहा सेकंद तो मध्येच नाचतो. पंधरा. वीस. लोक उभे राहिलेत. मी कॉर्नरच्या बाजूच्या बांबूला धरून आहे, त्याच्या इतका जवळ की त्याचा श्वास ऐकू येतोय. चढाईवाला डाव्या कोपऱ्याकडे सरकतो. मागच्या पायाची टाच सुटते. मलाही दिसली, कारण सकाळपासून मी तेच बघायला शिकलो होतो.

कॉर्नर निघाला.

तिथं पाय नव्हता. चढाईवाल्यानं पुढचा पाय टाकलाच नाही. याच्या खांद्यावर हात ठेवला, साखळीतून ओढला गेलेला कव्हर पुढे आला तर त्यालाही पाय लावला, आणि मध्यरेषेवर पोट घासत घरी. दोन गुण. २८-२७.

११.३०

मटण, भाकरी, रांगेत बसून. कुणी काही बोलत नाही. मंडळाचा एकजण येऊन हातात नोटा देतो. सातशे. ठरले होते आठशे. “शंभर गाडीचे,” तो म्हणतो. गाडी ठरलेल्यातच होती. कॉर्नर नोटा मोजतो, दोन खिशांत वाटतो आणि ओठाला पाण्याचा गार ग्लास लावून बसतो.

१२.२०

परतीच्या पिकअपमध्ये एक जास्तीचा माणूस. कळवणकडचा तो चढाईवाला. त्याच्या मंडळाची गाडी निघून गेली. त्याला वणीपर्यंत सोडायचंय, पुढे तो मिळेल त्या ट्रकनं जाणार. अंतिम सामना त्याचा संघ हरला, पाचशे बुडाले.

बराच वेळ नुसता डिझेलचा वास आणि पत्र्याचा खडखडाट. चढाईवाल्याच्या पायात स्लीपर. उजव्या घोट्यावर नखांचे चार ओरखडे, कॉर्नरच्या पूर्वार्धातल्या पकडीचे. कॉर्नर तेच बघतोय.

“टाच बघून निघालास ना?” चढाईवाला विचारतो.

“हां.”

“मी मुद्दाम उचलतो. भार टाकतच नाही.”

कॉर्नर काही बोलत नाही. दोन वळणं जातात. मग तो केबिनच्या काचेवर थापा मारतो. “भाऊ, थांबव जरा.”

ड्रायव्हरला वाटतं कुणाला लघवीला जायचंय. दोघं खाली उतरतात. बाजूला कांद्याचं शेत, दव, कुत्री भुंकताहेत. कॉर्नर त्याला गाडीच्या पुढच्या दिव्यांत उभं करतो. “स्लीपर काढ. परत कर तेच. हळू.”

चढाईवाला थंड डांबरावर अनवाणी उभा राहतो. टाच उचलतो. कॉर्नर समोर उकिडवा बसलेला, नजर जमिनीला लावून.

“आता खरी.”

तो खरी उचलतो.

“परत खोटी.”

“अंगठा बघ,” चढाईवाला म्हणतो. “खोट्याला अंगठा दाबला जात नाही.”

ड्रायव्हर भोंगा वाजवतो. गाडीत मागचे शिव्या घालतात, थंडी आहे, साडेबारा वाजलेत, सकाळी सगळ्यांना कामाला जायचंय.

“एकदाच,” कॉर्नर म्हणतो, वर न बघता. “अंगठा दाखव परत.”